पंचांसमक्ष उगवण

उकंडराव माळ्याचं नाव त्याच्या आईनं ठेवलं नव्हतं, उकिरड्यानं ठेवलं होतं. तानाबाईची आधीची लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि शेजारणीनं 'कोनाचं टाकलेलं पोट्टं आहे वं हे' असं म्हणत उचलून तानाबाईच्याच ओटीत आणून घातलं. सटवाईला एवढ्यावर फसवता येतं, अशी त्या भागाची पक्की खात्री. पोर जगलं, आणि असं जगलं की उकिरड्याचं खतही याच्याच अंगी लागलं असावं, असं लोक म्हणू लागले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तालमीत उतरला आणि जत्रेतल्या कुस्त्या मारू लागला. वस्तादानं एकदा लंगोट बांधायला शिकवला तो यानं पुढं सोडलाच नाही. कुस्ती सुटली, लग्न झालं, मळा अंगावर आला, तरी लंगोट तसाच. झोपेतसुद्धा. ताठ मानेच्या माणसानं कुठंतरी घट्ट बांधलेलं असलं पाहिजे, एवढं तत्त्वज्ञान त्याला तालमीतून मिळालं होतं.

त्याचं गाव डोणगावपासून सायकलीच्या टप्प्यावर. माळीपुऱ्यात घर, नाल्याकाठी मळा, आणि मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर सगळं असलं तरी उकंडरावाचं नाव होतं ते कांद्याच्या बियांसाठी. लोणारहून, अमडापूरहून माणसं बी न्यायला येत. बी विकायची त्याची रीत त्याच्या बापापासूनची होती. गिऱ्हाईक आलं की सौदा करायचा नाही. मूठभर बी ओल्या बारदान्यात पुरचुंडी करून टांगायचं, आणि मोड यायच्या दिवशी गिऱ्हाइकाला, शिवाय गावातल्या दोन-चार जाणत्यांना बोलावून सगळ्यांसमक्ष सोडायचं. ज्याला शंका त्यानं स्वतःच्या गाडग्यातलं बी आणून शेजारी टांगावं. दोन पुरचुंड्या शेजारी शेजारी उघडल्या की बोलायला कोणाला जागाच राहत नसे. उकंडराव तेव्हा छाती काढून म्हणे, "उगोन पाहा आधी. जमिनीले शिव्या मंग द्या."

असं हे वाक्य तो वर्षानुवर्षं म्हणत आला आणि त्याच वर्षांत त्याच्या घरात पाळणा हलला नाही.

बायको अंबूबाई, अमडापूरकडची. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागायला लावणारी. लग्नानंतर तीन वर्षं लोकांनी वाट पाहिली, मग उपाय सुरू झाले, आणि उपाय सगळे अंबूबाईवर. दाईनं तिचं पोट चोळलं. भगतानं तिला लिंबू दिलं. एका वैदूनं मुळी उगाळून पाजली, ती पिऊन ती आठवडाभर उठली नाही. लोणारच्या धारेखाली तिनं ओल्या लुगड्यानं अंघोळ केली, खाली सरोवराच्या काठी जाऊन कमळजादेवीची ओटी भरली. या सगळ्यात उकंडरावाचाही वाटा होता. बैलगाडी तो हाकायचा.

गावातल्या बायका तिला बारशाला बोलवत, पण पाळण्याला हात लावू देत नसत. कोणाची ओटी भरायची असली की 'अंबूबाई, तुमी तेवढा चहा पाहा' असं म्हणून तिला चुलीकडे पाठवत. इतक्या लोकांच्या आनंदाचा चहा तिनं केला होता की, तिच्या हातच्या चहाचं गावात नाव झालं.

अशात उकंडरावाच्या चुलत्याचा थोरला, अर्जुनराव, पुढं सरसावला. अर्जुनराव म्हणजे माळीपुऱ्याचा आपसूक झालेला कारभारी. कोणी विचारलं नाही तरी निर्णय देणारा. त्याची एक साळी, म्हणजे बायकोची बहीण, लग्नाची होती. ओसरीवर बसून, सुपारी कातरत, त्यानं विषय काढला.

"उकंडा, जमीन पडीत निंगाली तं मानूस दुसरी पाह्यते. माह्यी साळी आहे. अंबूबाईनं राह्यावं घरात, कोन काढून राह्यलं तिले?"

"पाहू दादा," उकंडराव म्हणाला. आतून कप आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मळ्यात लोणारच्या एका गिऱ्हाइकासमोर पुरचुंडी सुटली. बी असं तरारून फुटलेलं की तो माणूस खुशीत गेला. अंबूबाई बारदाना पिळत होती.

"एक इचारू का?"

"इचार."

"या लोनारच्या मान्साचं वावर तुमी पाह्यलं का कधी?"

"नाई. कायले पाहू?"

"तरी बी आधी दाखवलं त्याले."

"मंग? बी चोख आहे हे आधी दाखवा लागते. वावराचं तो पाहीन त्याचा."

अंबूबाईनं बारदाना झटकून कुंपणावर टाकला. "माह्यं वावर दाईनं पाह्यलं, भगतानं पाह्यलं, वैदूनं पाह्यलं, देवीनं पाह्यलं. तुमचं बी कोनं पाह्यलं?"

उकंडराव असा उभा राहिला जसा कुस्तीत पहिल्याच डावाला पाठीला माती लागलेला गडी उभा राहतो. मग सांगू लागला की आपल्यात काय कमी आहे, अजून पोतं एका हातानं उचलतो, बैल शिंगाला धरून बसवतो.

"बैल बसवल्यानं लेकरू होत असतं तं वस्तादाले गावभर झाली असती," अंबूबाई म्हणाली. "तुमच्या बळाचं मी बोलून नाई राह्यली. तेचं माह्यं काई म्हननं नाई. उगोन पाहा म्हनते. तुमचंच बोलनं आहे ते. आन ते पाह्यल्याबिगर या घरात दुसरी आली तं मी अमडापूरले जाईन, आन येनार नाई."

एवढं म्हणून ती वांगी तोडायला गेली. उकंडराव पुढचे कितीतरी दिवस आपल्याच वाक्यावर चिडून होता.

डोणगावला तेव्हा दवाखाना नवाच होता. डॉक्टर नागपूरकडचा, तरुण, मिशा अजून नीट न ठरलेला. त्याच्याजवळ रक्तातला हिवताप पाहायचं दुर्बिणीसारखं यंत्र होतं, आणि त्या यंत्राचा गावोगाव दबदबा होता. उकंडराव आधी दोनदा दवाखान्यावरून सायकल नुसतीच नेऊन आला. तिसऱ्यांदा उतरला, सगळे रोगी संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसला, आणि आत जाऊन म्हणाला, "डागदरसाहेब, आमच्या गावात एक जन आहे. त्याले लेकरू होत नाई."

"बायकोला तपासलं?"

"लई जनाइनं."

"आणि त्याला?"

"त्याले कायले? गडी लोखंडावानी आहे."

डॉक्टरनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. मग त्या एका जणाला या टेबलावर झोपवा, आणि लंगोट काढायला सांगा."

झोपल्या झोपल्या उकंडरावाला जन्मात कोणी विचारले नव्हते असे प्रश्न विचारले गेले. मोठेपणी गालफुगी आली होती का, येऊन खाली सूज उतरली होती का? कुस्तीत तिथं मार बसला होता का? तंबाखू किती? लघवीची कधी आग? उभं राहून दिवस गेला की संध्याकाळी खाली जड वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला उकंडराव उठून बसला. जड तर तालमीच्या दिवसांपासून वाटायचं. वस्तादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, लंगोट आणखी घट्ट बांध.

"डाव्या बाजूच्या नसा फुगल्यात," डॉक्टर म्हणाला. "हात लावून पाहा, कळेल."

उकंडरावानं पाहिलं. दोडक्याच्या वेलाचे तणावे एकात एक गुरफटावेत तसं काहीतरी हाताला लागलं. इतकी वर्षं ते तिथं होतं आणि त्याला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. दुसऱ्याचं पाहायची सोय नसते, हा पुरुषांचा मोठाच तोटा.

डॉक्टरनं मग त्याला काचेची बाटली दिली. चार दिवस बायकोपासून लांब राहा, मग यात आणून दे. इथं मागे खोली आहे. उकंडराव म्हणाला, इथं जमणार नाही. डॉक्टर म्हणाला, मग घरून आण, पण तासाच्या आत आण आणि अंगाच्या उबेत ठेव, गार पडली तर सगळं फुकट. त्याप्रमाणे चार दिवसांनी, माळीपुरा वावरात गेलेला पाहून, उकंडराव बाटली बंडीच्या आत पोटाशी धरून असा सायकल मारत निघाला की रस्त्यातली कुत्रीसुद्धा बाजूला झाली. नाल्याच्या चढावर सहदेव भेटला. सहदेव त्याच्या शेजारचा, सहा लेकरांचा बाप, आणि माळीपुऱ्याची बातमी ज्याच्या तोंडून निघते तो माणूस.

"काय दडवलं बे बंडीत, उकंडभाऊ?"

"बी आहे," पायडल न थांबवता उकंडराव म्हणाला. "तपासाले नेऊन राह्यलो."

त्याच्या आयुष्यात याहून खरं वाक्य तो क्वचितच बोलला असेल.

डॉक्टरनं काचेवर थेंब घेतला, नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, "पाहायचंय?"

उकंडरावानं पाहिलं. आधी नुसताच पांढरा गोल दिसला, मग त्यात बारीक शेपट्यांचे जीव. इथं एक, तिथं एक. बहुतेक पडून होते. एखादा वळवळायचा, तोही जत्रेत हरवल्यासारखा एकाच जागी गोल गोल.

"जळालेलं बी आहे का हे?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज इतका खाली उतरला होता की डॉक्टरला त्याच्याकडे वळून पाहावं लागलं.

"जळालेलं नाही. आहे, पण विरळ आहे आणि सुस्त आहे. हे पाहा, देवानं हा कारखाना पोटात न ठेवता बाहेर का टांगला? गार राहावा म्हणून. तुमच्या नसा फुगल्या, त्यात गरम रक्त साचून राहतं. त्यावर तुम्ही रात्रंदिवस घट्ट लंगोट. नुसत्या लंगोटानं एवढं झालं असेल असं नाही, पण भर घातली असेल."

पुढचं डॉक्टर बोलत राहिला तरी उकंडरावाला कळून चुकलं होतं. कांद्याचं बी हे सगळ्या बियांत नाजूक. चुलीजवळच्या उतरंडीत ठेवलं तर दिसायला काळंभोर, टपोरं, आणि बारदान्यात टांगलं तर मोडच येत नाही. असं बी ठेवणाऱ्या माणसांना त्यानं भर बाजारात अकलेवरून ऐकवलं होतं. स्वतःच्या घरचं बी तो राखेत घालून, माजघराच्या गार कोपऱ्यात, गाडग्याला कोरडं फडकं बांधून ठेवायचा. आणि हे असं चुलीवर.

डॉक्टरनं एकदा पाहून निकाल दिला नाही. काही आठवड्यांनी पुन्हा बाटली आणायला लावली. एका पुरचुंडीवर उगवण ठरवू नये, हे उकंडरावाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या वेळीही तेच. मग उपाय सांगितला. लंगोट सोड, तंबाखू सोड, आणि फुगलेल्या नसेचं लहानसं ऑपरेशन. पोर होईलच असं नाही. काहींना होतं, काहींना नाही. आणि लगेच तर नाहीच, नवं बी तयार व्हायला तीन महिने लागतात. "त्यानंही जमलं नाही तर बाईंना बुलढाण्याला लेडी डॉक्टरकडे पाठवू. दोघांना पाहावं लागतं. पण त्यांचं पाहणं अवघड, तुमचं सोपं. सोपं आधी करायचं सोडून लोक उलटं करतात."

घरी येऊन उकंडरावानं अंबूबाईला एवढंच सांगितलं की डॉक्टर ऑपरेशन म्हणतो. ती म्हणाली, "मंग करा." यापुढं दोघांत त्या विषयावर बोलणं झालं नाही. लंगोट तिनं धुऊन, घडी घालून, पेटीच्या तळाशी टाकला.

ऑपरेशन करणारा मोठा सर्जन मेहकरला येणार होता, आणि येणार होता तो कुटुंबनियोजनाच्या कॅम्पला. त्या दिवसांत सरकारला लोकांची पोरं थांबवायची भारी घाई लागली होती. शाळेच्या मैदानात तंबू, भोंग्यावर गाणी, आणि गावोगावच्या चार-चार, सहा-सहा लेकरांच्या बापांना भरून आणणाऱ्या जीपा. डोणगावच्या डॉक्टरनं सर्जनशी बोलून ठेवलं होतं की सगळ्यांचं झालं की शेवटी याला घ्या. तेव्हा पोरं थांबवायला आलेल्यांच्या रांगेच्या शेपटीला, पोर व्हावं म्हणून आलेला एकच माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळून, उभा होता. टेबल तेच, दिवा तोच, सुई तीच. फरक काय तो सर्जनला माहीत, डॉक्टरला माहीत आणि उकंडरावाला.

परतीच्या जीपमध्ये त्याच्या शेजारी, पाय फाकवून, सहदेव बसला होता.

"उकंडभाऊ, तू?"

उकंडरावानं टॉवेल खाली ओढला.

"अबे, पन तुले तं एकबी नाई. कायले थांबवून राह्यला?"

आता इथं एक वाक्य बोलायचं होतं. दोष माझ्यात आहे, तो काढायला आलो होतो. एवढंच. उकंडरावानं ते वाक्य गिळलं आणि जीपच्या बाहेर पाहत राहिला. येडा म्हणून घेणं त्याला परवडत होतं. बी खोटं निघालं हे परवडत नव्हतं.

जीप गावात पोचायच्या आधी बातमी पोचली, कारण सहदेव वेशीवरच उतरला. ज्याला एकही पोर नाही त्यानं पोरं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं! पारावर लोक हसून हसून आडवे झाले. तानाबाई दोन दिवस जेवली नाही. अंबूबाईनं सासूला आत नेऊन कानात काहीतरी सांगितलं तेव्हा ती जेवली, पण बाहेर बोलायची नाही अशी तिच्याकडून शपथ घेतली होती. कारण या बातमीचा एक फायदा झाला होता. अर्जुनरावानं ओसरीवर येऊन, बसायच्या आधीच जाहीर केलं, "मी तं साळीसाठी पाहून राह्यलो होतो. पन आता अशा मान्साले पोरगी कोन देईन?" आणि सुपारी न कातरताच गेला.

त्या संध्याकाळी अंबूबाई चुलीपुढं बसून एकटीच हसली. खोट्या बातमीनं सवत टळत असेल तर ती बातमी राहू दे, असं दोघांनीही न बोलता ठरवलं. चूक झाली ती इथं, आणि ती फक्त उकंडरावाची होती असं म्हणता येणार नाही.

वर्ष गेलं. वर्षाच्या शेवटी अंबूबाईला मेथीचा वास नकोसा झाला. उकंडरावाला वाटलं मेथीच खराब आहे. त्यानं तीन वाफे उपटून टाकले, तेव्हा तिनं सांगितलं. तो वाफ्यातच बसला. मग उठून, काही सुचेना म्हणून, उपटलेली मेथी परत लावू लागला.

आनंद फार तर पोट दिसेपर्यंत टिकला. मग माळीपुऱ्यात हिशेब सुरू झाला, आणि तो साधा होता. उकंडराव जीपमधून आला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. जीपमधून आलेल्या कोणाच्याच घरी त्यानंतर पाळणा हलला नव्हता. मग हा कसा हलतो? अंबूबाई दिसली की पाणवठ्यावरच्या बायका बोलायच्या थांबू लागल्या. अर्जुनराव पारावर म्हणाला, "मी कोनाचं नाव घेत नाई," आणि मग लोणारच्या, अमडापूरच्या, बी न्यायला येणाऱ्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांची नावं घेतली.

सातव्या महिन्यात तानाबाईनं सुनेची ओटी भरायचं ठरवलं. घरोघर निरोप गेला. त्या दिवशी अंबूबाई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. खण, नारळ, गहू, हळकुंड सगळं ताटात. एकीच्या घरी पाहुणे आले होते. एकीची म्हैस अडली होती. एकीनं सांगितलं की कंबर धरली आहे, आणि तीच बाई डोक्यावर भारा घेऊन दारावरून गेली. इतकी वर्षं जिला लोकांनी ओटीपासून उठवून चहाला पाठवलं होतं, तिच्या ओटीला कोणी चहालाही आलं नाही. अर्जुनरावाची सून जनकाबाई तेवढी दारापर्यंत आली. पण तिच्या लग्नालाही चार वर्षं होऊन कूस भरली नव्हती. सासऱ्याचा आवाज ऐकून ती दारातूनच वळली.

अंबूबाई रडली नाही. पाटावर बसूनच नवऱ्याला म्हणाली, "तोंड तुमी उघडता का मी उघडू?"

उकंडराव उठला. बंडी चढवून तो थेट पाराकडे निघाला. पारावर सगळे होते. त्यांच्या बायका घरी म्हशी सोडवत होत्या म्हणे.

"दादा, म्या कॅम्पात आपरेशन केलं ते पोट्टे थांबवाचं नोयतं," तो म्हणाला. "माह्यातच खोट होती. बी इरळ होतं. अंबूत काई नोयतं. ते दुरुस्त कराले गेलतो."

मग सहदेव खाकरला. "उकंडभाऊ, तुह्याबद्दल आपल्या मनात काई नाई. पन आपन एकाच टेबलावर होतो ना बे."

"बायकोसाठी मानूस बोलते असं," अर्जुनराव सुपारी कातरत म्हणाला. "बोलाव लागते. आमी समजून घेतो."

इतके दिवस दडवून ठेवलेली गोष्ट चारचौघांत सांगून टाकावी आणि ती कोणालाच खरी वाटू नये, असं उकंडरावाच्या स्वप्नातही नव्हतं. लपवताना त्याचा जेवढा जीव गेला नव्हता तेवढा आता पटवताना चालला. आणि मग त्याच्या बापजाद्यांची रीत त्याच्या मदतीला आली.

"मंग उगोन पाहा," तो म्हणाला.

"काय?"

"बी घ्याले येता तेव्हा पाह्यता ना पंचांसमक्ष? मंग हेबी पाहा. डोनगावच्या दवाखान्यात यंत्र आहे. थांबवलेल्या मान्साचं रिकामं दिसते. माह्यं रिकामं दिसलं तं दादा म्हनतीन ते खरं. शेजारी दुसरी पुरचुंडी पाह्यजे, तं हा सहदेव आहे."

"मी काऊन?" सहदेव म्हणाला.

"तूच म्हनला ना, एकाच टेबलावर होतो."

दुसऱ्या दिवशी माळीपुऱ्यातून एक बैलगाडी निघाली. अर्जुनराव, दोघं जुनेजाणते, उकंडराव आणि सहदेव. डॉक्टरनं आधी सगळ्यांना हाकलून दिलं. मग उकंडरावानं त्याला कोपऱ्यात नेऊन हकिगत सांगितली, तेव्हा त्यानं खिडकीकडे तोंड करून बराच वेळ आपली मिशी चोळली, आणि दोन बाटल्या काढल्या. पंच बाहेर लिंबाखाली बसले. आत खोलीत काय चाललं आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं पावसापाण्याच्या गप्पा फारच जोरात चालल्या. सहदेव लवकर आला. उकंडरावाला उशीर लागला. बाहेर तीन माणसं आपल्या अब्रूची वाट पाहत बसली आहेत हे ठाऊक असताना तो आला हेच खूप.

आधी सहदेवाची काच लागली. एकेकानं नळीला डोळा लावला. कोरी पाटी.

"रिकामं आहे," एक म्हातारा म्हणाला. सहदेवानंही पाहिलं, आणि सहा लेकरांच्या बापाला व्हायला हवा तेवढा आनंद त्याला झाला.

मग दुसरी काच. म्हाताऱ्यानं डोळा लावला आणि काढेचना. "वळवळतेत बे," तो म्हणाला. "झुंबड आहे नुसती. हा पाह्य, हा कुठं पळून राह्यला..."

उकंडरावानं इतकी माणसं आपल्या मालावर खूश झालेली बाजारातही पाहिली नव्हती. डॉक्टरनं समजावलं की थांबवायचं ऑपरेशन झालेलं असतं तर हे दिसलंच नसतं, आणि ऑपरेशनाआधी यातले चौथाईसुद्धा नव्हते. शेवटी अर्जुनराव पुढं झाला. वाकला, पाहिलं, आणि इतका वेळ पाहत राहिला की डॉक्टरला त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. परतीच्या वाटेवर त्यानं सुपारी काढली नाही. नाल्यापाशी आल्यावर, दुसरीकडे पाहत, त्यानं एवढंच विचारलं, "उकंडा, ते लंगोटाचं काय म्हनलं होतं रे डागदरनं?"

सांजेला प्रत्येक पंचानं आपापल्या घरी, कोणाला सांगू नका म्हणून, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप न धाडता बायका आल्या. पाहुणे परत गेले होते, म्हैस सुटली होती, कंबरही सुटली होती. तोंडाला पदर लावून सगळ्या हसत होत्या, आणि पडवीत बसलेला उकंडराव कोणी हसली की जमिनीत जात होता.

तानाबाई खण-नारळाचं ताट घेऊन पहिलं कोणाच्या हातात द्यावं ते पाहत होती. थोरपणानं तो मान अर्जुनरावाच्या बायकोचा. अंबूबाईनं पाटावरूनच दाराकडे पाहिलं. जनकाबाई चुलीकडे निघाली होती. कोणीतरी तिला, सवयीनं, चहा पाहायला सांगितलं होतं.

"जनका, इकडं ये," अंबूबाई म्हणाली. "पैली ओटी तू भर."

जनकाबाईनं सासूकडे पाहिलं, सासूनं छताकडे. "काकू, मी कशी..."

"भर म्हनते ना."

जनकाबाईनं नारळ ओटीत घातला. अंबूबाईनं तिचा हात धरून ठेवला आणि पडवीतल्या नवऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "जनका, भगताकडं जाऊ नको. मुळी पिऊ नको. धारंखाली थंडीत भिजू नको. तुह्या सासऱ्यानं यंत्र सोता पाह्यलं आहे. आधी नवऱ्याले धाड, मंग तू जा."

पडवीत उकंडराव खाली मान घालून बसला होता. गावाला त्यानं सांगितलं होतं, पंचांना दाखवलं होतं. जिला सांगायला हवं होतं तिला ते तोंडानं अजून सांगायचंच राहिलं होतं. बायका गेल्यावर तो आत आला. अंबूबाई ओटीतले गहू सुपात काढत होती.

"अंबू, खोट माह्यात होती," तो म्हणाला.

"मले मालूम आहे," ती सूप हलवत म्हणाली. "पन ऐकाले बरं वाटलं."

त्यानंतर उकंडरावाच्या मळ्यात गिऱ्हाइकं वाढली. दिवेलागणीला एखादा सायकल कुंपणाला टेकवून यायचा, कांद्याच्या बियांचा भाव विचारायचा, भाव ऐकूनही रेंगाळायचा, आणि शेवटी वांग्याच्या झाडाकडे पाहत म्हणायचा, "उकंडभाऊ, माह्या साळ्याच्या गावात एक जन आहे..."

उकंडराव त्याला पुढं बोलू द्यायचा नाही. डोणगावचा डॉक्टर कोणत्या दिवशी असतो ते सांगायचा, आणि म्हणायचा, "त्या एक जनाले म्हना, जाताना लंगोट घरीच ठेव."